योबेल वर्ष आणि दीनांची भूमी

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे स्मरणिका निघते; आणि स्मरणिकेत मंदिराची पायाभरणी, वेदी, घंटा, तसेच येथे सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंची व धर्मभगिनींची नामावळी ह्यांची नोंद होते. ही नोंद अवश्य व्हावी. ज्यांनी दगडावर दगड ठेविला त्यांचे ऋण न मानणारी पिढी कृतघ्न होय. तथापि ह्या आनंदाच्या प्रसंगी वाचकांनी आमच्याबरोबर थोडे मागे वळून, ज्या शब्दाने आपण हा उत्सव साजरा करितो त्या 'ज्युबिली' शब्दाच्या मुळाशी यावे, अशी आमची विनंती आहे.

'योबेल' हा मूळचा इब्री शब्द असून त्याचा अर्थ एडक्याचे शिंग असा आहे. जुन्या करारातील लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात इस्राएल लोकांस अशी आज्ञा आहे की, वर्षांची सात सप्तके, म्हणजे एकोणपन्नास वर्षे भरली म्हणजे पन्नासाव्या वर्षी प्रायश्चित्ताच्या दिवशी देशभर शिंग फुंकावे. ज्याने दारिद्र्यामुळे आपले वतन विकले असेल त्यास ते परत मिळावे. जो पोटासाठी दुसऱ्याचा दास झाला असेल त्याने मोकळे होऊन आपल्या घरी जावे. ह्या आज्ञेचे कारणही तेथेच दिले आहे: भूमी परमेश्वराची आहे, मनुष्य हा तिजवरील केवळ कूळ होय, म्हणून ती कोणासही कायमची विकता येत नाही. पुढे नासरेथच्या सभास्थानात प्रभू येशूने यशया संदेष्ट्याचा लेख उघडून दीनांस सुवार्ता व बंदिवानांस मुक्तता देणारे जे वर्ष जाहीर केले, त्याच्या पाठीमागे ह्याच शिंगाचा नाद होता. ख्रिस्तसभेत पहिले योबेल वर्ष पोप बोनिफास आठवे ह्यांनी १३०० साली रोम येथे पाळिले. त्यानंतर सात शतकांनी, २००० सालच्या महायोबेलाची पूर्वतयारी करिताना, पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी आपल्या १९९४ च्या पत्रात दरिद्री राष्ट्रांच्या डोक्यावरील कर्जाचा भार हलका करण्याचा विषय जगापुढे मांडिला. योबेल म्हणजे गेलेली जमीन आणि गेलेले स्वातंत्र्य ह्यांची परतफेड, हा मूळ अर्थ ख्रिस्तसभा अशा रीतीने पुन्हा पुन्हा आठवीत आली आहे.

तेव्हा आम्ही ह्या लेखात एकच प्रश्न हाती घेत आहो. ज्या जालना प्रांतात आपण राहतो, त्यात व त्याच्या आसपास ख्रिस्ताचे नाव घेणाऱ्यांनी दीनांस भाकरी दिली, हे तर सर्वश्रुत आहे. परंतु भाकरीच्या पलीकडे जाऊन त्यांस पाय रोवून उभे राहण्यास भूमी दिली काय? इतिहासात ह्याचे उत्तर शोधावे, आणि जे सापडेल ते आपल्या महोत्सवापुढे ठेवावे, एवढाच आमचा हेतू आहे.

जालना हा जिल्हा म्हणून १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी त्याचा बहुतेक भाग औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, आणि परतूरकडील भाग परभणी जिल्ह्यात मोडत असे. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. कुंडलिका नदीच्या काठी वसलेली जालन्याची पेठ जुनी व नामांकित. 'जालना सोने का पालना' ही म्हण आजही लोकांच्या तोंडी आहे. पूर्वी धान्य व कापूस, अलीकडे बियाणे, लोखंड व मोसंबी ह्यांच्या व्यापाराने ह्या पेठेने पुष्कळांस श्रीमंत केले. परंतु पाळण्यातील सोने सर्वांच्या वाट्यास आले नाही. पाऊस बेभरवशाचा, नद्या उन्हाळ्यात कोरड्या, आणि ज्यांच्या नावे शेताचा एक बांधही नाही अशी माणसे गावोगाव. ह्याच जिल्ह्यातील जांब येथे १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात दख्खनची जी दैना झाली ती त्यांच्या पिढीने भर तारुण्यात पाहिली. दुष्काळ हा ह्या भूमीचा पाहुणा नव्हे. तो घरच्यासारखा ठरलेल्या वाटेने येतो व जातो.

दुष्काळाबरोबर दयेची परंपराही येथे जुनीच आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाचे कोठार उघडून भुकेलेल्यांस धान्य वाटून टाकिले, ही कथा महाराष्ट्रात आबालवृद्धांस ठाऊक आहे. बादशहाच्या कोपापासून दामाजींस वाचविण्याकरिता खुद्द विठ्ठल महाराच्या वेषाने दरबारात गेला व त्याने धान्याची किंमत मोजून दिली, असे ती कथा सांगते. ज्या समाजाने ही कथा इतक्या प्रेमाने जपली, त्यास मत्तयाच्या शुभवर्तमानातील न्यायदिनाचा प्रसंग परका वाटण्याचे कारण नाही. तेथेही प्रभू भुकेल्याच्या, तान्हेल्याच्या, उघड्याच्या व बंदिवानाच्या वेषाने आपल्या दाराशी आलेला असतो. परंतु कथेत एक गोष्ट राहून गेली आहे. कोठार उघडिल्याने एक वर्ष निभावते. पुढच्या अवर्षणात तीच माणसे पुन्हा त्याच दारात उभी राहतात. कारण कोठार दुसऱ्याचे, शेत दुसऱ्याचे आणि दया करणे न करणे हेही दुसऱ्याच्याच हाती.

असे सर्वांआधी दारात येणारे कोण, हे पाहावयाचे तर जुन्या गावगाड्याकडे पाहिले पाहिजे. मांग हा बलुतेदार. दोर वळणे, केरसुण्या करणे, लग्नकार्यात वाजंत्री वाजविणे ही त्याची कामे, वस्ती गावकुसाबाहेर, मोबदला बलुत्याचा, म्हणजे सुगीच्या दिवसांत खळ्यावर जे पदरात पडेल ते. सुगीच झाली नाही तर बलुतेही नाही, आणि मागावयास न्यायासनही नाही. १८५५ साली जोतीराव फुले ह्यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे ह्या मांग समाजातील लहानग्या विद्यार्थिनीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय' ह्या ख्रिस्ती नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आपल्या लोकांस त्यांच्या जमिनींवरून हाकलून लाविले, ही व्यथा तिने त्यात निर्भीडपणे मांडिली. चौदा वर्षांच्या मुलीच्या लेखणीने रोगाचे मूळ नेमके दाखविले होते. ह्या लोकांची भूक ही भूमी गेल्याची भूक होती.

ह्याच लोकांकरिता जालना प्रांतात पहिले मोठे काम ज्या पुरुषाने केले, तो आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेतील नव्हता; परंतु त्याचे नाव गाळून ह्या जिल्ह्यातील ख्रिस्ती सेवेचा इतिहास लिहिणे सत्यास धरून होणार नाही. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे ब्राह्मण कुळात जन्मलेले, मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले विद्वान. १८४३ साली रेव्हरंड रॉबर्ट नेस्बिट ह्यांच्या हस्ते त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा अल्पवयी असून तोही मिशनकडे येऊन राहिला होता. तेव्हा वडिलांनी न्यायालयात धाव घेतली व न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी ह्यांनी मुलास वडिलांच्या स्वाधीन करविले. पुढे त्या मुलास प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की न घ्यावे, ह्यावरून मुंबईत मोठे वादळ उठले. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी मुलास परत घ्यावे असा पक्ष घेतला, आणि त्याबद्दल सनातन्यांचा रोष सोसला. एका घराच्या ह्या दुःखाने सारे शहर ढवळून निघाले. नारायणरावांस आपल्या श्रद्धेची किंमत घर, जात व भाऊबंद ह्या नाण्यांनी मोजावी लागली, हे येथे ध्यानात ठेविले पाहिजे. कारण ज्याने स्वतः सर्व गमाविले त्यासच सर्व गमाविलेल्यांची ओळख लवकर पटते.

१८६० नंतरच्या दशकात नारायणराव जालन्यास येऊन राहिले. मुंबईतील पांढरपेशा विद्यार्थ्यांत वावरलेला हा पंडित येथे मांगवाड्यात जाऊन बसू लागला. त्या काळी ब्राह्मणाने मांगाच्या उंबऱ्यावर बसणे म्हणजे काय, हे आजच्या तरुण वाचकांस सांगून कळणे कठीण आहे. त्यांनी आपल्या आजोबांस विचारावे. पुष्कळ मांग कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारिला. आणि तेव्हा तोच प्रश्न पुढे उभा राहिला: ह्या माणसांनी जगावे कशावर? जुन्या गावी बलुते हा एकच आधार, आणि तोही गावाच्या मर्जीवर. नारायणरावांनी धान्याची पोती मागितली नाहीत. त्यांनी जमीन मागितली. निजामाचे दिवाण सर सालारजंग ह्यांनी जालन्याजवळ माळजमिनीचा मोठा तुकडा आरंभीची काही वर्षे सारामाफीने दिला, आणि १८७० च्या सुमारास तेथे नवे गाव वसू लागले. त्याचे नाव 'बेथेल'. याकोब घरातून परागंदा होऊन रानात दगड उशाशी घेऊन निजला असता स्वर्गाची शिडी त्याच्या दृष्टीस पडली. त्या जागेस त्याने बेथेल, म्हणजे देवाचे घर, असे नाव दिले होते. गावकुसाबाहेर निजणाऱ्यांच्या गावास ह्याहून समर्पक नाव कोणते असणार! तेथे प्रार्थनामंदिर झाले, शाळा झाली, विहिरी खणल्या गेल्या, शेते नांगरली गेली. ज्यांस आजपर्यंत दुसऱ्याच्या गावाबाहेर जागा मिळत होती, त्यांच्या स्वतःच्या गावास आता वेस होती.

ह्या प्रकरणातील माणसे वाचकांनी एकदा डोळ्यांपुढे आणावी. याचना करणारा ब्राह्मण कुळातील ख्रिस्ती, देणारा मुसलमान दिवाण, घेणारे मांग. प्रत्येकाने आपापल्या समाजाच्या सवयीबाहेर एक पाऊल टाकिले, तेव्हा कोठे ओसाड माळावर एक गाव उभे राहिले. नारायणराव १८७३ साली न्यूयॉर्क येथील इव्हँजेलिकल अलायन्सच्या जागतिक परिषदेस गेले, तेव्हाही डोक्यास पांढरे पागोटे घालूनच गेले. ख्रिस्ती होणे म्हणजे आपला देश सोडणे नव्हे, हे त्यांच्या पोशाखावरून परक्यांसही दिसले. १८९१ साली ते निवर्तले.

काही वाचक विचारतील की, कॅथलिक धर्मग्रामाच्या स्मरणिकेत प्रॉटेस्टंट पाळकाचा एवढा गौरव कशासाठी? दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६४ च्या आपल्या आदेशात, विभक्त झालेल्या बंधूंच्या ठायी दिसणारी ख्रिस्ताची संपत्ती आनंदाने मान्य करावी, असे आपणांस शिकविले आहे. शिवाय बेथेलाची कल्पना आपल्याच जुन्या संतपरंपरेशी जुळणारी आहे. चौथ्या शतकात आशियामायनरातील कैसरिया येथे दुष्काळ पडला, तेव्हा संत बासिल ह्यांनी धनिकांच्या मनास पाझर फोडून कोठारे उघडविली. परंतु ते तेथेच थांबले नाहीत. बिशप झाल्यावर त्यांनी नगराबाहेर निराधारांसाठी, प्रवाशांसाठी व महारोग्यांसाठी घरांची एक वसाहतच उभारिली. तेथे रुग्णसेवा होती आणि हातास काम देणाऱ्या शाळाही होत्या. त्यांचे मित्र संत ग्रेगोरी ह्यांस ती वसाहत नवे नगरच वाटली. कैसरियाच्या वेशीबाहेर जे झाले तेच पंधरा शतकांनी जालन्याच्या वेशीबाहेर झाले. भाकरी देऊन झाल्यावर दयेने पुढचे पाऊल टाकिले.

येथे एका आक्षेपाचा विचार केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. दुष्काळात अन्न देऊन लोकांस बाटविले, असा आरोप मिशनऱ्यांवर वेळोवेळी झाला आहे. जेथे कोणी भुकेचा असा व्यापार केला असेल, तेथे त्याने प्रभूच्या नावास कलंक लाविला, हे आपण स्पष्ट म्हणावे. ज्या दानाच्या टोकास गळ आहे ते दान नव्हे. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. शतकानुशतके ज्याच्या सावलीचा विटाळ मानला गेला, त्या मनुष्यास जो कोणी प्रथम जवळ बसवून घेईल, त्याच्या देवाविषयी त्यास जिज्ञासा वाटली तर त्यात नवल ते कोणते? मांगाने केवळ पोटासाठी धर्म बदलिला असे म्हणणारे, मांगास पोटाखेरीज मनही आहे हे विसरतात. ह्याहून कठीण आक्षेप आमच्या मते वेगळा आहे. मिशनच्या आश्रयाने वसलेल्या कोणत्याही गावात एक धोका असतो: कालचे बलुतेदार आज मिशनचे आश्रित होतील, आणि पाटलाच्या ठिकाणी साहेब येईल, एवढाच फरक पडेल. आश्रय देणाऱ्याने आपला हात कधी काढून घ्यावा, हे त्यास कळले नाही तर दयेचेच नवे वतन होऊन बसते. ही सूचना प्रॉटेस्टंटांइतकीच आपणांसही लागू आहे.

आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे मराठवाड्यातील काम मुख्यत्वे फ्रान्सलियन, म्हणजे संत फ्रान्सिस द सेल्सच्या मिशनरी धर्मगुरूंच्या हातून झाले. हा संघ १८३८ साली फादर पीटर मर्मिए ह्यांनी आनसी येथे स्थापिला. १८८७ साली नागपूर धर्मप्रांत निर्माण झाल्यावर ह्या धर्मगुरूंची दृष्टी गोदाकाठच्या गावांकडे वळली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वैजापूरकडील घोगरगाव हे त्यांच्या कार्याचे केंद्र झाले. तेथे फ्रेंच धर्मगुरू फादर गुरियन जाकिए ह्यांनी महार समाजातील गोरगरिबांत आपले आयुष्य वेचिले व १९२२ साली तेथेच देह ठेविला. आजही त्या गावी त्यांचे नाव भक्तिभावाने घेतले जाते. त्यांच्या काळातच १८९९-१९०० चा महादुष्काळ पडला. त्या वेळच्या औरंगाबाद जिल्ह्याची, ज्यात जालनाही होते, लोकसंख्या १८९१ ते १९०१ ह्या दहा वर्षांत सुमारे एक लाखाने घटली. आकडा वाचावयास सोपा आहे. परंतु त्यातील प्रत्येक एकक म्हणजे एक चूल विझली किंवा एक कुटुंब देशोधडीस लागले. अशा दिवसांत सूप व भाकर घेऊन जो माणूस दाराशी येतो, त्याचे नाव तीन पिढ्या विसरत नाहीत.

१८९१ हे साल आम्ही वर दोनदा लिहिले. त्याच वर्षी, १५ मे रोजी, पोप लिओ तेरावे ह्यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे आपले प्रसिद्ध परिपत्रक काढिले. त्यात त्यांनी कामगारास न्याय्य वेतन मिळावे, इतकेच सांगून विराम घेतला नाही; त्या वेतनातून काही शिल्लक टाकून त्यास थोडीतरी स्वतःची जमीन घेता यावी, आणि जास्तीत जास्त लोक मालक व्हावे, असा विचार मांडिला. जालन्याच्या माळावर नारायणरावांनी जे करून पाहिले, त्याच आशयाचे बोल त्यांच्या मृत्यूच्या वर्षीच रोमहून उमटले. दोघांस एकमेकांची वार्ता असण्याचे कारण नाही. परंतु एकाच शुभवर्तमानाचे दोघेही वाचक होते. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोप महाशयांनी 'लिओ चौदावे' हे नाव धारण केले, तेव्हा ह्याच परिपत्रकाची जगास पुन्हा आठवण झाली. आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात त्यांनी आपले पहिले प्रेषितीय उद्बोधन काढिले, ते गरिबांवरील प्रेमाविषयीच होते.

स्वातंत्र्यानंतर भूमीचा प्रश्न मिशनच्या अंगणातून निघून राज्याच्या अंगणात आला. १९५० च्या हैदराबाद कूळकायद्याने कसणाऱ्या कुळांस संरक्षण मिळाले. परंतु ज्याच्याकडे कुळाचाही हक्क नव्हता, अशा मजुरास त्याचा उपयोग अल्पच. १९५९ व १९६४ साली दादासाहेब गायकवाड ह्यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पडीक व गायरान जमीन कसावयास द्या, ही त्यांची मागणी होती. मुक्ता साळवे हिने शंभर वर्षांपूर्वी जे दुःख लिहिले, तेच आता तुरुंग भरू लागले. ह्याच काळात आपल्या समाजाची एक निराळी कुचंबणा झाली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्या दलितांस मिळत नाहीत. बाप्तिस्म्याने आत्म्याचा डाग धुतला जातो. सात-बाराचा कोरा उतारा त्याने भरून निघत नाही, हे मराठवाड्यातील ख्रिस्ती माणूस अनुभवाने जाणतो.

त्यानंतर १९७२ चा दुष्काळ आला. आपल्या धर्मग्रामातील वडीलधाऱ्या मंडळींस तो आठवत असेल. परदेशाहून आलेली लाल मिलो, वाटपाची सुकडी, खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा आणि उघड्या बोडक्या टेकड्या! त्या दुष्काळाने महाराष्ट्रास एक मोठा धडा दिला. भुकेल्यास भिक्षा न देता काम द्यावे, आणि ते हक्काने द्यावे, ह्या विचारातून रोजगार हमी योजना वाढली व १९७७ साली तिचा कायदा झाला. परंतु फोडलेल्या खडीने रस्ते झाले, तरी पुढच्या उन्हाळ्यात विहिरी कोरड्याच राहिल्या. जमीन आहे पण पाणी नाही, तर तीही एक प्रकारची भूमिहीनताच होय.

हे ज्यांनी ओळखिले त्यांत एक कॅथलिक धर्मगुरू होते. फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडचे येशूसंघीय. ते १९४८ साली भारतात आले व अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर येथे सोशल सेंटरच्या द्वारे शेतकऱ्यांत काम करू लागले. खेड्यापाड्यांतील लोक त्यांस 'बाखर बाबा' म्हणत. दुष्काळी भागांत विहिरी व शेतीची कामे करिता करिता त्यांच्या ध्यानात आले की, एकेका शेतकऱ्यास एकेक विहीर देऊन भागणार नाही. साऱ्या गावाने मिळून डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत पडणारे पाणी अडविले व जिरविले पाहिजे. त्यांच्या पुढाकाराने १९८९ च्या सुमारास जर्मन सरकारच्या साहाय्याने व नाबार्डच्या सहकार्याने इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला, आणि १९९३ साली 'वॉटर' ही संस्था स्थापन झाली. ह्या कार्यक्रमाच्या अटी लक्षात घेण्यासारख्या आहेत: गावाने श्रमदान केले पाहिजे, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली पाहिजे, आणि निर्णय गावाच्या समितीने घेतले पाहिजेत. म्हणजे देणाऱ्याने देतानाच आपला हात काढून घेण्याची तयारी ठेविली. मिशनच्या जुन्या गावांविषयी जी शंका आम्ही वर उपस्थित केली, तिचे हे उत्तर होते. बाखर बाबा २०२१ साली आपल्या मायदेशी निवर्तले.

ह्या कार्यक्रमाचे फळ आपल्या जिल्ह्यातच पाहावयास मिळते. जालना तालुक्यातील कडवंची येथे १९९० नंतरच्या दशकात मराठवाडा शेती साह्य मंडळाने विजयअण्णा बोराडे ह्यांच्या मार्गदर्शनाखाली पाणलोटाचे काम केले. बांधबंदिस्ती झाली, नाले अडविले गेले, पुढे घरोघर शेततळी झाली, आणि कोरडवाहू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावी द्राक्षांचे मांडव उभे राहिले. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहरात पाण्याची हाहाकार उडाली, मोसंबीच्या बागा वाळून सरपण झाल्या, दावणीची जनावरे छावणीत न्यावी लागली; त्या वर्षी कडवंची तग धरून राहिली, आणि दूरदूरचे लोक ती पाहावयास आले. हे काम कोणत्याही एका धर्माचे नाही. ते करणारे हात सर्व समाजांचे होते. परंतु त्या कार्यक्रमाच्या उगमाशी एक धर्मगुरू होता, हे स्मरून आपण ईश्वराचे आभार मानावे.

आणि तरीही प्रश्न संपत नाही. पाणलोटाचे पाणी ज्याच्या शेतात जिरते त्याचे उत्पन्न वाढते. ज्यास शेतच नाही त्याच्या वाट्यास वाढलेली मजुरी येते, त्याहून अधिक नाही. आजही दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीस निघालेल्या गाड्या आपण पाहतो. त्यांत लेकरे असतात, त्यांची शाळा मागे राहते, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत ते कुटुंब मोकळे नसते. पोटासाठी दुसऱ्याचा झालेला मनुष्य! लेवीय ग्रंथाने ज्याच्याकरिता शिंग फुंकावयास सांगितले, तो हाच. म्हणून नारायणरावांचा प्रश्न व बाखर बाबांचे उत्तर ही दोन्ही एकत्र आणण्याचे काम आपल्या पिढीकडे राहिले आहे: भूमिहीनास भूमीचा वाटा, आणि भूमीस पाण्याचा वाटा.

आता आपला महोत्सव. आपले धर्मग्राम लहान, आपली मिळकत बेताची, हे आम्ही जाणतो. आपण सालारजंगाप्रमाणे माळ देऊ शकत नाही, की जर्मनीहून निधी आणू शकत नाही. परंतु योबेलाचा एक अंश प्रत्येक घरास साधण्यासारखा आहे. ज्याने शेजाऱ्यास व्याजाने पैसे दिले असतील त्याने ह्या वर्षी व्याज सोडावे. ज्याच्याकडे बटाईने देण्याजोगे शेत आहे त्याने ते भूमिहीन कुटुंबास माफक वाट्याने द्यावे. ज्याच्या विहिरीस पाणी आहे त्याने उन्हाळ्याचे चार महिने ती वस्तीस मोकळी ठेवावी. ऊसतोडीस जाणाऱ्याच्या एका मुलास सहा महिने आपल्या घरी ठेवून त्याची शाळा चालू ठेवणे, हे तर आपल्यापैकी पुष्कळांच्या आवाक्यातील आहे. आणि हे करिताना मदत घेणारा आपल्या धर्माचा आहे की नाही, हे विचारू नये. दामाजींनी विचारिले नव्हते, सालारजंगांनीही विचारिले नाही.

संत विन्सेंट द पॉलच्या नावाने चालणाऱ्या मंडळांनी, व्रतस्थ भगिनींनी आणि नावही न सांगता दान देणाऱ्यांनी आपल्या ख्रिस्तसभेत दयेचा दिवा तेवत ठेविला आहे. त्यांच्याविषयी आम्ही जे लिहिले नाही ते आदर कमी म्हणून नव्हे. आम्हांस येथे एवढेच सुचवावयाचे होते की, भाकरी देणे हा सेवेचा आरंभ आहे. महोत्सवाच्या पवित्र मिस्साबलीत आपण अर्पणाची भाकर वेदीवर ठेवू, तेव्हा ती भाकर ज्या शेतातल्या गव्हाची त्या शेतात राबलेल्या हातांची आपणांस आठवण व्हावी, आणि त्या हातांस स्वतःचे म्हणावे असे काही ह्या वर्षी मिळावे, अशी ईश्वरचरणी आमची प्रार्थना आहे.